पॅसेजमधली बडबड

वरळीच्या बीडीडी चाळीत कुणाकडे फ्रिज आला की फ्रिजच्या आधी त्याची बातमी वर पोचायची. १६० चौरस फुटांच्या खोल्या, समोरासमोर दारं, मधे पॅसेज. टेम्पो आला, दोरी सोडली, जिन्यात अडकला, सुटला, आत गेला! सॉफ्टवेअर बसवणाऱ्या शेल स्क्रिप्ट बहुधा याच पॅसेजमध्ये वाढल्या असाव्यात. याद्या वाचतेय, फाईल उतरवतेय, उलगडतेय, मांडतेय... पडदाभर ओळी धावतात, आणि 'परवानगी नाही' ही एकच कामाची ओळ त्यांच्याबरोबर सटकून जाते.

या स्क्रिप्टचं मूळ घराणं, युनिक्स, मात्र अबोल. १९७० च्या आसपास पडदे दुर्मिळ होते. टेलिटाईप सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं कागदावर खडखडवायचा, तिथे गप्पा परवडणार कुणाला? काम झालं की गुपचूप शून्य परत द्यायचं. शून्य मिळवून पास होण्याची सोय जगात बहुधा इथेच आहे.

तक्रारीला वेगळी वाट मिळाली तीही एका फजितीनंतर. युनिक्सच्या माहेरी, बेल लॅब्समध्ये, मजकूर महागड्या फोटो-कागदावर जुळवला जाई. एकदा लोकांनी कागद धुऊन पाहिला, तर पानभर मजकुराऐवजी सुबक टाईपात एकच ओळ: फाईल उघडत नाही. तेव्हापासून साधं बोलणं १ नंबरच्या वाटेने, रडगाणं २ नंबरच्या.

बडबडीला कंटाळून काहीजण दोन्ही वाटा डेव्ह-नलमध्ये, म्हणजे येईल ते गिळून टाकणाऱ्या फाईलमध्ये, सोडतात. अशीच शांतता चाळीतही आली. बीडीडीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. ५०० चौरस फूट, लिफ्ट, बंद दारं. आता शेजारी फ्रिज आला काय आणि गेला काय, पत्ता नाही. स्क्रिप्टचंही तसंच होतं: शांतता छान, पण मोडलं तर विचारायचं कुणाला?

मला टॉवरचा वॉचमन आवडतो. दर पाहुण्यामागे तो इंटरकॉम वाजवत नाही. पण वेळ, नाव, मजला रजिस्टरात असतं. लॉग फाईल अशी हवी. पडद्यावर आणि फाईलमध्ये, दोन्हीकडे लिहायला 'टी' ही कमांड आहे, पण ती भोळी. आधीची कमांड आपटली तरी पाईपच्या शेवटी उभी राहून ती 'सगळं ठीक' म्हणते, म्हणून बॅशमध्ये 'पाईपफेल' लावावं लागतं. आणि चालवलेली प्रत्येक ओळ छापणारं 'सेट मायनस एक्स' चालू राहिलं, तर स्क्रिप्ट ओळीतला पासवर्डसुद्धा रजिस्टरात उतरवते. इतका प्रामाणिकपणा वॉचमनलाही शोभत नाही.

तेव्हा स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनो, पडद्यावर चारच ओळी बोला. ज्याला पॅसेजची हौस आहे, त्याच्यासाठी सविस्तर बोलणारा 'मायनस व्ही' पर्याय ठेवा. आणि काही बिघडलंच, तर शेवटच्या ओळीत लॉग फाईलचा पूर्ण पत्ता तेवढा द्या.