फियाटवाल्याची निगा कशी राखावी

मोटारीची निगा कशी राखावी यावर पुस्तकं पुष्कळ आहेत. आमच्या घरात ती बाथरूमच्या माळ्यापर्यंत पोचली आहेत. मोटार बाळगणाऱ्या माणसाची निगा कशी राखावी, यावर मात्र एकाही पुस्तकात चकार शब्द नाही. मी १९८४ साली लग्न होऊन साताऱ्याला आले. तेव्हापासून एका १९६९ सालच्या फियाट अकराशेच्या डाव्या बाजूला बसते आहे. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, किंवा ज्यांना ती स्थळाबरोबर सांगून आली आहे, त्यांच्या उपयोगासाठी हे शास्त्र लिहून ठेवत आहे.

नियम पहिला : नामोच्चारात चूक करू नये.

गाडीला ‘जुनी’ म्हणू नये. ‘व्हिंटेज’ हा शब्दही जपून वापरावा. इंग्रजांच्या हिशेबात १९१९ ते १९३० मधल्याच गाड्या खऱ्या व्हिंटेज. पाहुण्यांना हे आमचे हे स्वतः मोठ्या नम्रतेने सांगतात. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मात्र जेवण कमी जातं. ‘पद्मिनी’ तर चुकूनही म्हणू नये. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट म्हणून बनणारी हीच गाडी १९७०च्या दशकात नाव बदलून पद्मिनी झाली. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. पण यांच्या लेखी नाव बदललं आणि गाडी संपली. मी एकदा म्हणाले, “नाव बदललं तरी बाई तीच असते, मी अनुभवाने सांगते.” त्यावर यांनी पुसलेला आरसा पुन्हा पुसायला घेतला.

याउलट डुक्कर फियाटवाल्यांशी गाठ पडू देऊ नये. ती आणखी आधीची, १९५०च्या दशकातली, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. तिचे मालक आमच्या गाडीकडे बघून लहान मुलाकडे बघावं तसं कौतुकाने हसतात. एकदा महाबळेश्वरला असे एक गृहस्थ भेटले. परतीच्या वाटेवर हे थेट मेढ्यापर्यंत बोलले नाहीत.

नियम दुसरा : गाडी बंद पडत नाही. ती ‘थांबते’.

‘दम खातेय’, ‘जरा गरम झालीय’, ‘आज हवाच जड आहे’ हेही चालतं. ‘बिघाड’ हा शब्द फक्त इतरांच्या गाड्यांसाठी आहे.

हा नियम मी खंबाटकी घाटात शिकले. मे महिना, पहिलं वर्ष, अंगावर मावशीने दिलेली नवी साडी. तेव्हा बोगदा नव्हता. दोन्ही बाजूंची वाहतूक घाटातूनच. अर्ध्या घाटात गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. यांनी बॉनेट उघडलं आणि कार्ब्युरेटरकडे भाऊबंदकीतल्या चुलत्याकडे बघावं तसं बघत उभे राहिले. दहा मिनिटांनी एका ट्रकचा क्लीनर उतरला, कार्ब्युरेटरकडे ढुंकूनही न पाहता म्हणाला, “एसी पंप तापलाय, फडकं ओलं करा.” फडकं नव्हतं. यांचा रुमाल होता. तो मी भिजवला, पंपाभोवती गुंडाळला आणि पंधरा मिनिटं वरून पाणी थेंब थेंब सोडत राहिले. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. हे म्हणाले, “बघ, मी म्हटलं नव्हतं, तिला जरा वेळ द्यावा लागतो?”

त्यामागचं कारण मला नंतर मिस्त्रींनी सांगितलं. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. घाटात इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला; वाफ त्याच्या हाताला लागत नाही. तो नुसताच हलत राहतो, आणि पुढे काही पोचत नाही. (अशी माणसंही असतात, पण तो या लेखाचा विषय नाही.) ओल्या फडक्याने पंप गार केला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. म्हणून गाडीत पाण्याचे तीन कॅन ठेवावेत : एक रेडिएटरसाठी, एक फडक्यासाठी, आणि एक यांच्या डोक्यासाठी.

रेडिएटरचं झाकण वाफ निघत असताना उघडू नये. घाई असेल तरी अर्धा तास दगडावर बसावं, करवंदं मिळाली तर खावीत. नंतर झाकणावर जाड गोणपाट टाकून ते अर्धंच फिरवावं, आतला जोर जाऊ द्यावा. पाणी एकदम ओतू नये. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं घालावं, नाहीतर तापलेल्या लोखंडाला चीर जाते. हे ज्ञान पुस्तकातलं नाही. यांच्या डाव्या मनगटावर आहे.

नियम तिसरा : कान उघडे, तोंड बंद.

डाव्या बाजूला चाळीस वर्षं बसलं की कान तयार होतो. सकाळी गार इंजिनात शिवणयंत्रासारखी टकटक येते ती टॅपेटची. तिने घाबरू नये, तिचं अंतर बघून घ्यावं. गाडी सुरू करताच चिरकल्यासारखं वाजतं तो ढिला फॅन बेल्ट. खालून, पोटातून, घण घातल्यासारखा आवाज आला तर मात्र तिथल्या तिथे थांबवावी आणि बँकेचं पासबुक काढावं.

पण हे सरळ सांगायचं नसतं. सांगण्याची रीत अशी : “अहो, गेल्या महिन्यात तुम्ही काहीतरी टॅपेटचं म्हणत होतात ना?” हे काही म्हणालेले नसतात. हे दोन वळणं गप्प बसतात. तिसऱ्या वळणावर म्हणतात, “मला वाटतंच होतं, टॅपेट आहेत.” दुसऱ्या दिवशी मिस्त्रींपुढे हा शोध जाहीर होतो. मिस्त्री मान डोलावतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, “वहिनी, चारीचे की दोनचेच?”

नियम चौथा : पार्टांची किंमत विचारू नये.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. या दोन दिवशी यांचं पुण्यात कुणीतरी आजारी असतं. दाराची एक मूठ आणायला गेलेला माणूस तीन हबकॅप, एक टेललाइटची लाल काच आणि कुठल्या गाडीचा हे अजून न कळलेला एक घड्याळी काटा घेऊन परततो. मूठ मिळालेली नसते. नाना पेठेतल्या दुकानात नवा माल मिळतो, पण दुकानदार “नवाच आहे” म्हणाला की यांचं तोंड कडू होतं. पावत्या शर्टाच्या खिशात ठेवून शर्ट धुवायला टाकण्याची पद्धत आहे. आपणही खिसे न तपासता धुवावेत. संसार त्यावर टिकतो.

घरात एक पातेलं वेगळं काढून त्यावर खूण करावी. माझ्या सासूबाईंच्या कल्हईच्या पातेल्यात कार्ब्युरेटर रात्रभर पेट्रोलमध्ये भिजत पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात आमटी झाली. ती आमटी खाऊन सासरे म्हणाले, “आज हिंग जरा जास्त पडलाय.” कार्ब्युरेटर साफ करताना जेटच्या भोकात तार घालू नये, एवढं मात्र खरोखर लक्षात ठेवा, भोक केसाएवढं मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. फुंकर मारावी. पंपाची हवा मिळाली तर उत्तम.

नियम पाचवा : पावसात गाडी थांबल्यास डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून कोरडी करावी. पदराने नव्हे. पदर आपला असतो.

नियम सहावा : पेट्रोलच्या टाकीला बारीक गळती लागली तर कपड्यांचा साबण घासून भोक बुजवावं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. घरापर्यंत पोचता येतं.

पेट्रोलचंही आता काही खरं नाही. त्यात वीस टक्के इथेनॉल आलं आहे. नव्या गाड्यांना ते पचतं म्हणतात, पण जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने सुजतात, मऊ पडतात. गेल्या वर्षी दोनदा पडदा बदलला. आमच्या जिल्ह्यात चहूकडे ऊस आणि साखर कारखाने. निम्मे नातेवाईक ऊसवाले. त्यामुळे यांना याविरुद्ध मोठ्याने बोलताही येत नाही. हे पंपावर उभे राहून नुसता वास घेतात आणि “काकवी” एवढंच म्हणतात.

नियम सातवा : आठवणींना वेळ राखून ठेवावा.

दारातून जाणारा प्रत्येक साठीचा माणूस थांबतो आणि म्हणतो, “आमच्याकडे पण होती.” हे वाक्य कानावर पडताच दुधाचं भांडं गॅसवर चढवावं. दोन चहा धरून सव्वा तास. आधी सासऱ्यांचं बुकिंग : नंबर लागायला सात वर्षं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती पाच होती. मग मुंबईहून गाडी आणल्याचा दिवस, नाक्यावर ओवाळलं ते. मग नरसोबाच्या वाडीची सहल. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघं बसत हे खरंच. पण त्या सहलीला गाडीत किती माणसं होती हा आकडा पूर्वी नऊ होता. आता तेरावर गेला आहे. कपाटात त्या दिवसाचा फोटो आहे. त्यात आठ जण आहेत, आणि त्यातला एक शेजारचा, फक्त फोटोपुरता आलेला. हा फोटो बाहेर काढू नये.

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. पद्मिनी या नावाला चाळीस वर्षं नाक मुरडणारा हा माणूस पेपर वाचून उठला, अंगणात जाऊन गाडीत बसला आणि तासभर बाहेर आला नाही. मी चहा तिथेच नेऊन दिला. डाव्या बाजूने.

नियम आठवा : सरकारी कागद.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळी नोंदणी निघाली. वीस हजार रुपये भरा, जुना नंबर तसाच ठेवा, दहा वर्षं निर्धास्त. यांनी कागद मोठ्या उत्साहाने आणले आणि तिसऱ्या पानावर थबकले. अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. “मग मंडईत कसं जायचं?” मी म्हटलं, मेथी आणणं हे तांत्रिक संशोधन म्हणून दाखवा. दोन दिवस यांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. आता पूर्वीसारखंच चालू आहे : दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, पर्यावरण कर, आणि निरीक्षकसाहेबांचं “आमच्याकडे पण होती.”

नियम शेवटचा : गाडी विकावी.

याबाबत माझ्या मनात कधीच शंका नव्हती. आमच्या लग्नाच्या दोनच महिने आधी मारुती आठशे आली होती. मी तेव्हापासून म्हणते आहे. गुडघे दुखतात, सीट खाली जाते, काच वर करायला हात पुरत नाही. मुलगीही तेच म्हणते.

गेल्या नोव्हेंबरात पुण्याहून एक गृहस्थ आले. हे हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. गृहस्थ सभ्य, बूट बाहेर काढणारे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दारं उघडून लावून आवाज ऐकला, आणि जी रक्कम सांगितली तिच्यात आमच्या दोघांचे चारही गुडघे होऊन वर काही उरलं असतं. मग विचारलं, “काकू, खरं सांगा, गाडीत काही काम आहे का?”

मी म्हटलं, “खालचा पत्रा सडलाय. सेकंड गिअर सुटतो. आणि हाफ इंजिन करावं लागेल म्हणाले मिस्त्री.”

पत्रा आम्ही मागच्याच उन्हाळ्यात नवा टाकला होता. गिअर लोण्यासारखा पडतो. मिस्त्री असलं काही म्हणाले नव्हते. गृहस्थांनी चहा घेतला, आभार मानले आणि गेले.

हे आल्यावर दोन कप बघून म्हणाले, “कोण आलं होतं?”

“कुणी नाही हो. आमच्याकडे पण होती म्हणत होते.”