जुनी गाडी : लक्षणे व निगा

जुन्या गाडीचे दोन प्रकार : बंद पडलेली आणि पडणार असलेली. उपनगरात ती बहुधा ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची, फक्त रविवारी चालवलेली’ म्हणून विकली जाते. एवढ्या डॉक्टरांनी आठवडाभर प्रवास कशाने केला, याची नोंद आढळत नाही.

खरेदीपूर्वी मॅट उचलून खालचा गालिचा हुंगावा आणि सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून पाहावा. टोकाला चिखलाची रेघ दिसल्यास गाडीने अंधेरी सबवेतला पावसाळा पाहिलेला असतो.

नोंदणी 15 वर्षे टिकते. पुढे फिटनेस तपासून ती 5 वर्षांनी वाढवतात. या फेरनोंदणीचे शुल्क 2022 साली 600 रुपयांवरून 5,000 झाले. शिवाय पर्यावरण कर. तो गाडी गॅरेजमध्ये उभी राहून हवा स्वच्छ ठेवत असली तरी भरावा लागतो.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर तापमानाचा काटा चढल्यास एसी बंद करून हीटर सोडावा. इंजिन निवते, कुटुंब तापते. बॅटरी अशक्त असल्यास गाडी उतारावर लावावी. मुलुंड-घाटकोपरला उतार सापडतो, पार्किंग सापडत नाही. मेकॅनिकचे ‘छोटं काम आहे’ हे निदान कामाच्या आकाराबद्दल असते, बिलाच्या नव्हे. सुटे भाग कुर्ल्याला स्वस्त पडतात. काही तर आधी दुसऱ्या गाडीत बंद पडून अनुभवी झालेले असतात.

गाडी विकताना आरसीवरचे नाव बदलले आणि भंगारात देताना नोंदणी रद्द झाली, याची खात्री करावी. अन्यथा गाडी जाते, चलने येत राहतात.