डोक्यावरची घार

पुणे-नगर रस्त्यावर सुपा जवळ आलं की दोन गोष्टी लांबूनच दिसतात: एमआयडीसीतल्या शेड आणि कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या. तिसरी दिसत नाही, कारण ती दिसू नये अशीच घडलेली आहे. ती म्हणजे माळावरचा सरडा. मुरमाचा, वाळल्या कुसळांचा आणि त्याच्या पाठीचा रंग एकच. पायाजवळून तो पळाला की मातीचं ढेकूळच पळाल्यासारखं वाटतं.

हा रंग त्याला आला कुठून, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, "गरज पडली, म्हणून आला." गरजेपोटी अंगावर काही उगवत असतं, तर इथल्या पारनेर तालुक्यात एव्हाना माणशी एक मदार दिसली असती. (उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते, पण टँकरची वाट बघणाऱ्याला हा बारकावा कोणी सांगावा?) डार्विनने 1859 मध्ये पुस्तकातून सांगितलं ते याहून बरंच रुक्ष आहे. एकाच मादीची पिल्लं सारखी नसतात. एखादं उजळ निघतं, एखादं मातकट. उजळ पिल्लू घारीच्या नजरेत आधी भरतं. मातकट उरतं, त्याला पिल्लं होतात आणि ती त्याच्याच वळणावर जातात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं की माळाला माळाच्या रंगाचा सरडा मिळतो. यात सरड्याची जिद्द, चिकाटी काही नाही. यशोगाथा लिहिणाऱ्यांची इथे पंचाईतच होते.

एवढी लपाछपी साधलेल्या या प्राण्याने एक उधळेपणा मात्र सोडलेला नाही. दख्खनच्या माळांवरच्या काही सरड्यांत नराच्या गळ्याखाली कातडीचा पंखा असतो. एरवी तो मिटलेला, आहे हे कळतही नाही. एप्रिल-मेच्या उन्हात नर एखादा उंचसा दगड धरतो, पुढच्या पायांवर उठतो, मान ताठ करतो आणि पंखा उघडतो: निळा, काळा, नारिंगी. मिटतो, पुन्हा उघडतो. सगळा खटाटोप मादीसाठी. पण माळावर आडोसा कसला? मादीला दिसतं ते घारीलाही दिसतं. मुलीकडच्यांपुढे मिरवायचं आणि त्याच मांडवात सावकाराची नजर चुकवायची, असा हा प्रसंग. पंखा चटकन मिटता येतो, एवढीच काय ती सोय. रंग बदलतो म्हणून आपण सरड्याला पुढाऱ्यांच्या पंगतीला बसवतो. हा गडी तर रंग दाखवतो तेच जीव धोक्यात घालून. पुढाऱ्यांबद्दल असं सहसा म्हणता येत नाही.

2016 मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रंगीत पंख्यावाल्यांची वेगळी प्रजाती मांडली. तिचं शास्त्रीय नावच त्यांनी 'सरडा' ठेवलं आणि त्यातल्या एका जातीला डार्विनचं नाव दिलं, 'सरडा डार्विनी'. इंग्लंडच्या दाढीवाल्या आजोबांची अशी आपल्या माळावर सोय झाली.

आता पवनचक्क्यांकडे वळू. त्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही, अशी आवई मध्यंतरी महाराष्ट्रात उठली होती. ढगांचं काही खरं नव्हतं. पक्ष्यांचं खरं निघालं. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांखालचा माळ आणि मोकळा माळ यांची तुलना केली; 2018 मध्ये ती प्रसिद्ध झाली. फिरत्या पात्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. साहजिकच सरडे जास्त. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते जागचे हलत नव्हते. डोक्यावरची घार गेली, जिवाचा घोर गेला.

पण अंगाने ते बारीक निघाले आणि गळ्याचे रंगही फिके. शत्रू टळला की सुखच सुख, हा आपला हिशेब. माळावर शत्रू टळला आणि भाऊबंद वाढले. किडे तेवढेच, खाणारी तोंडं जास्त. रंगावर खर्च करायला उरणार काय?

याला लगेच उत्क्रांती म्हणू नये. पोट भरलं नाही तर कुणाचाही रंग उतरतो. फिकेपणा पिल्लांच्या अंगात जन्मतःच उतरला आणि फिकेच जास्त संख्येने टिकले, तर डार्विनचा हिशेब लागू होईल. मात्र घारीने माळावर यायचं सोडलं की सरड्यांची निवड कोणत्या गुणावर व्हायची ते बदलतं, एवढं नक्की. पवनचक्की उभारताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

सातबाऱ्यावर असल्या जमिनीपुढे 'पोटखराबा' लिहून आपण मोकळे होतो. मे महिन्यात सुप्याला चहासाठी थांबलात, तर ऊन चढायच्या आत जरा माळावर जाऊन या. नजर दगडांच्या माथ्यावर ठेवा, पण पाऊल जपून टाका. पंखा नराला असतो. मादी निव्वळ मातीच्या रंगाची असते.