दुधाची सवय नेमकी कुणाला?

"काकू, आहात का? कढीपत्ता तोडायला आले होते, म्हटलं हाक मारावी. आमच्याकडे सकाळी पुन्हा तोच तमाशा."

"दुधाचा?"

"दुधाचाच. सासूबाईंनी पेला भरून ह्यांच्यापुढे ठेवला. हे म्हणाले, ऑफिसात दिवसभर पोटात गुडगुडतं, नको. त्या म्हणाल्या, लहानपणी दोन-दोन पेले प्यायचास, आता कसली रे थेरं? रोज थोडं थोडं घे, सवय होईल. तुम्ही कॉलेजात इतकी वर्षं बायॉलॉजी शिकवलंत. तुम्हीच सांगा, कोण खरं?"

"माझं भांडण लावतेस होय तुझ्या सासूशी? अगं, दोघंही खरं बोलतायत. कारण मात्र दोघांनाही ठाऊक नाही. दुधात जी साखर असते ना, लॅक्टोज, ती जशीच्या तशी रक्तात जात नाही. आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ते तुकडे करणारं एन्झाइम म्हणजे लॅक्टेज. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते बनवतात. बाळाच्या आतड्यात ते भरपूर असतं. आईचं दूध सुटल्यावर बहुतेकांच्या पेशी ते हळूहळू कमी बनवायला लागतात. जनुक तिथेच असतं, बिघडलेलंही नसतं. पेशी ते वाचायचं कमी करते, इतकंच. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश असेच. तुझ्या नवऱ्याला काहीही झालेलं नाही."

"मला तर रात्री झोपताना पेलाभर पिऊनही काही होत नाही."

"मग वेगळी तू. आणि मी."

"बरं, पण रोज प्यायलं तर पेशी पुन्हा वाचायला लागणार नाही का?"

"नाही लागत. इथेच सगळ्यांची गफलत होते. आपल्याला वाटतं, वापरलं की वाढतं. माणसाच्या लॅक्टेजचं तसं नाही. दूध प्यालीस म्हणून ते वाढत नाही आणि सोडलंस म्हणून संपत नाही. बॅक्टेरियाचं मात्र अगदी तसंच असतं. साखर समोर आली की एन्झाइम बनवायचं, संपली की थांबायचं. हे ज्यांनी शोधलं ना, त्यांच्या एकेकाच्या भानगडी ऐकशील तर तुझी सिरियल विसरशील."

"सांगा की. गॅस बंद करूनच आलेय."

"पॅरिस. 1940चा डिसेंबर, शहर जर्मनांच्या ताब्यात. झाक मोनो नावाचा तीस वर्षांचा मुलगा सॉर्बोनमध्ये डॉक्टरेट करत होता. चेलो फार छान वाजवायचा. संगीत की विज्ञान, हे त्याचं बरीच वर्षं ठरतच नव्हतं. तो बॅक्टेरियाला दोन साखरा एकदम द्यायचा आणि ते किती वाढतात त्याचा आलेख काढायचा. ग्लुकोज आणि लॅक्टोज दिलं की आलेख आधी भराभर वर, मग सपाट, मग पुन्हा वर. म्हणजे आधी सगळं ग्लुकोज फस्त, मग थोडा वेळ नुसतं बसून राहायचं, आणि मग लॅक्टोज."

"आमच्या लेकीसारखंच. आधी गुलाबजाम, मग जरा इकडेतिकडे बघायचं, मग भाजी."

"हो, पण ती पाहून ठरवते. इथे ठरवणारं कुणी नाही, तेच तर सांगायचंय. मोनोने तो आलेख पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रे ल्वॉफना दाखवला. ते म्हणाले, एन्झाइमच्या अनुकूलनाशी ह्याचा काहीतरी संबंध असावा. मोनोने असलं काही ऐकलेलंच नव्हतं. पुढे नोबेलच्या भाषणात त्याने हे स्वतःहून सांगितलं. मला ह्या माणसाचं तेच आवडतं. मध्ये युद्धात तो प्रतिकार चळवळीत होता. प्रयोगशाळेबाहेर एक जिराफ उभा करून ठेवलेला होता, त्याच्या पायाच्या पोकळ हाडांत गुप्त कागद लपवायचा म्हणे."

"अगंबाई! आणि दुसरा कोण?"

"फ्रान्स्वा झाकोब. त्याला सर्जन व्हायचं होतं. 1940मध्ये शिक्षण अर्धवट टाकून बोटीने इंग्लंडला पळाला, द गॉलच्या सैन्यात गेला, आफ्रिकेत लढला. 1944मध्ये नॉर्मंडीत बाँबहल्ल्यात जबर जखमी झाला. हात असा अधू झाला की सर्जरीचं नावच सोडावं लागलं. मग तो ल्वॉफकडे हेलपाटे घालायला लागला, मला घ्या म्हणून. ल्वॉफ दर वेळी नाही म्हणायचे. 1950मध्ये एकदा ते खुशीत होते. विचारलं, प्रोफेजवर काम करशील? हा म्हणाला, मला अगदी तेच करायचं होतं. आणि बाहेर पडून प्रोफेज म्हणजे काय ते शोधत बसला."

"नोकरीच्या मुलाखतीत आम्हीही हेच केलं!"

"सगळेच करतात. तर हे सगळे पाश्चरच्या माळ्यावर. लांबट व्हरांडा, एका टोकाला मोनो लॅक्टोज घेऊन, दुसऱ्या टोकाला ल्वॉफ आणि झाकोब विषाणू घेऊन. प्रोफेज म्हणजे बॅक्टेरियाच्या डीएनएत शिरून गप्प बसलेला विषाणू. पिढ्यान्‌पिढ्या गप्प. अतिनील किरण पडले की उठतो आणि पेशी फोडून बाहेर येतो. दोन्ही टोकांना वर्षानुवर्षं वाटत होतं की आपले विषय वेगळे आहेत. 1958च्या उन्हाळ्यात झाकोब बायकोबरोबर सिनेमाला गेला आणि तिथे अंधारात त्याच्या डोक्यात आलं की दोन्हीकडे एकच गोष्ट चाललीय. कुणीतरी जनुकाला गप्प बसवतंय."

"सिनेमा कुठला होता?"

"तुला सिनेमाचं पडलंय! सिनेमा राहिला बाजूला. बायकोला घेऊन गेला होता, ती बिचारी काय म्हणाली असेल, ते बघ. आणि मोनो सुट्टीवर. परतल्यावर त्याला सांगितलं तर त्याने आधी फारसं मनावर घेतलंच नाही."

"पण गप्प बसवतंय हे कळलं कशावरून? कदाचित लॅक्टोज आल्यावर कुणीतरी जागं करत असेल."

"शाब्बास. मोनोही आधी तसंच मानायचा. मग अमेरिकेहून आर्थर पार्डी आला आणि तिघांनी मिळून एक प्रयोग केला. तिघांच्या नावांची पहिली अक्षरं घेऊन त्याला पाजामो म्हणतात. पोरं वर्गात हसायची, पायजमा प्रयोग म्हणून. त्यांनी असा बॅक्टेरिया घेतला की ज्यात एन्झाइमचं जनुक निकामी, आणि नियंत्रणाचं जनुकही निकामी. त्याच्यात दुसऱ्या बॅक्टेरियाकडून दोन्ही चांगली जनुकं शिरू दिली. लॅक्टोज अजिबात नाही. तरी काही मिनिटांत एन्झाइम बनायला लागलं! आणि दीड-दोन तासांनी बंद पडलं. आता सांग, काय झालं असेल?"

"नियंत्रणाचं जनुक... त्यालाही काहीतरी बनवायला वेळ लागला असेल. ते तयार झालं आणि त्याने बंद पाडलं?"

"तू माझ्या वर्गात असायला हवी होतीस. हेच. जागं करणाऱ्याची गरज असती तर पहिल्या काही मिनिटांत एन्झाइम बनलंच नसतं. ते जनुक मुळात चालूच असतं, त्याला थांबवणारा वेगळा असतो. लॅक्टोज येतं ते त्या थांबवणाऱ्याला थांबवतं. असं उलटं असू शकतं हे मोनोला लिओ झिलार्डने सुचवलं होतं. हाच तो, साखळी अभिक्रियेची कल्पना सुचलेला भौतिकशास्त्रज्ञ. अणुबाँबनंतर जीवशास्त्राकडे वळलेला. 1961मध्ये झाकोब आणि मोनोचा मोठा लेख आला, आणि 1965मध्ये ल्वॉफसकट तिघांना नोबेल. तो थांबवणारा तोपर्यंत कुणी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. 1966मध्ये हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्यूलर-हिल ह्यांनी तो वेगळा काढला. एक प्रथिन. आणि एका पेशीत जेमतेम दहाच्या आसपास रेणू."

"दहा? एवढ्यात भागतं?"

"भागतं, कारण त्याला एकच जागा धरायची असते, जनुकाच्या तोंडाशी. तो तिथे डीएनएला चिकटून बसला की वाचणाऱ्या यंत्रणेला पुढे सरकता येत नाही. लॅक्टोजपासून पेशीत एक भावंडसाखर बनते, अ‍ॅलोलॅक्टोज. ती ह्याच्या अंगावर दुसऱ्याच जागी येऊन बसते, त्याचा आकार किंचित बदलतो, आणि त्याची डीएनएवरची पकड सुटते. मग एन्झाइमचे रेणू मूठभराचे हजारो होतात. साखर संपली की तो परत जाऊन चिकटतो. ह्यात कुणी विचार करत नाही, हुकूम सोडत नाही. चिकटणं आणि सुटणं, बस. हे वर्गात सांगताना माझ्या अंगावर काटा यायचा आणि पोरं घड्याळाकडे बघत असायची."

"थांबा हं काकू. लॅक्टोजपासून ती भावंडसाखर बनवायला एन्झाइम लागत असेल ना? आणि एन्झाइम तर बंद. मग सुरुवात कशी व्हायची?"

"अगं, हा प्रश्न मला तीस जणांच्या वर्गात एखादाच विचारायचा! तेच एन्झाइम लागतं. शिवाय लॅक्टोजला पेशीत आत घ्यायला वेगळं प्रथिन लागतं, तेही त्याच रांगेतल्या जनुकावर. दोन्ही बंद. पण बंद म्हणजे कडेकोट बंद नाही. पकड अधूनमधून सुटते, तेवढ्यात जनुक एखाद-दुसऱ्यांदा वाचलं जातं आणि पेशीत दोन-चार रेणू नेहमीच असतात. तेवढ्यावर श्रीगणेशा होतो. पूर्ण घट्ट बसला असता तर बिचारा बॅक्टेरिया दुधाच्या डबक्यात उपाशी मेला असता."

"आणि ग्लुकोज असताना लॅक्टोजकडे बघत का नाही?"

"ग्लुकोज आत घेणाऱ्या यंत्रणेतलंच एक प्रथिन लॅक्टोज आत घेणाऱ्याला अडवतं. वर सायक्लिक एएमपी नावाचा रेणू कमी पडतो आणि वाचणारी यंत्रणा त्या जनुकावर नीट बसत नाही. ते जाऊ दे. त्याहून मजेशीर सांगते. जनुकापर्यंत जायलाही वेळ नसतो तेव्हा काय करतात? ई. कोलाय हा बॅक्टेरिया आयसोल्यूसिन नावाचं अमिनो आम्ल पाच टप्प्यांत बनवतो. पुरेसं झालं की ते तयार आयसोल्यूसिनच जाऊन पहिल्या टप्प्याच्या एन्झाइमवर बसतं आणि सगळी रांग थांबते. लगेच. हे उंबार्गर नावाच्या शास्त्रज्ञाने 1956मध्ये दाखवलं. जनुकाचा मार्ग मिनिटांचा, हा क्षणाचा. आणि दोन्हीकडे युक्ती तीच, एका जागी चिकटायचं आणि दुसऱ्या जागचं काम बदलायचं."

"हे सगळं बॅक्टेरियाचं झालं. माझ्या नवऱ्याच्या पोटाचं काय?"

"त्याच्याच पोटात तर येतेय. ई. कोलाय 1885मध्ये एशेरिश नावाच्या डॉक्टरला कुठे सापडला माहितेय? तान्ह्या बाळांच्या शीमध्ये. दुधाशी त्याची ओळख तिथलीच. तर, तुझ्या नवऱ्याच्या लहान आतड्यात लॅक्टेज कमी, म्हणून लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे अब्जावधी बॅक्टेरिया, नाना जातींचे. ते त्यावर तुटून पडतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, तोच वायू, तीच गुडगुड. डॉक्टर श्वासातला हायड्रोजन मोजून हेच तपासतात. आता बघ, रोज थोडं दूध गेलं तर त्या बॅक्टेरियांत बदल होतो. लॅक्टोज नीट पचवणारे वाढतात, वायू कमी होतो, त्रासही कमी होतो. म्हणजे सासूबाई म्हणतात ती सवय लागते, पण ती त्याच्या पेशींना नाही. भाडेकरूंना लागते."

"हे मी त्यांना सांगू? की तुमच्या मुलाच्या पोटात भाडेकरू आहेत?"

"जेवणाच्या वेळी नको. आणि एकदम पेलाभर कशाला, बहुतेकांना जेवणाबरोबर कपभर चालून जातं. दही तर चालतंच, कारण विरजणातले बॅक्टेरिया आपलं एन्झाइम बरोबर घेऊन येतात आणि आतड्यातही काम करतात."

"आणि तुम्हा-आम्हा दोघींचं का बंद झालं नाही?"

"आपल्या डीएनएत एका अक्षराचा फरक असणार. तोही लॅक्टेजच्या जनुकात नाही, त्याच्या सुमारे 13,910 अक्षरं आधी, शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या पोटात. तिथे सी ऐवजी टी असला की लॅक्टेज वाचणं चालूच राहतं. 2002मध्ये फिनलंडच्या लोकांच्या अभ्यासातून ते सापडलं, आणि तोच बदल आपल्या लोकांतही आहे. वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी."

"मग आमच्या लेकीचं काय?"

"टी ची एकच प्रत पुरते. बापाकडे ती नसावी, त्याच्याकडून सी आला असेल. तुझ्याकडे दोन टी असतील तर तिला एक मिळालाच. एकच असेल तर निम्मी शक्यता."

"आत्ता तर वाट्यांवर वाट्या बासुंदी ओरपते."

"सातव्या वर्षी ओरपणं हा काही पुरावा नाही. कुणाचं लवकर कमी होतं, कुणाचं पार विशीत. आणि बासुंदी आटवलेली, साखर तिच्यात दाटलेली. ज्याला कपभर दूध चालतं त्यालाही वाटीभर बासुंदी नडते. श्रीखंड त्यापेक्षा बरं. चक्का टांगला की पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निथळून जातं."

"अय्या, ते पाणी मी कणीक भिजवायला घेते! पौष्टिक म्हणून."

"घे की. चार पोळ्यांत ते येऊन येऊन किती येणार, ग्रॅम-दोन ग्रॅम. त्याला कळायचंही नाही. फक्त सासूबाईंना सांगू नकोस, नाहीतर उद्यापासून त्या पोळ्यासुद्धा दुधातच भिजवतील."