खुळ्या गिऱ्हाइकांचे उपकार

गिटारच्या ॲम्पमधले पाच छोटे व्हॉल्व बदलण्यासाठी जो माणूस पंधरा व्हॉल्व विकत घेतो, त्याची मला मनापासून स्तुती करायची आहे. घरचे त्याला खुळा म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले मित्र त्याला समजावतात की बिघाड नसेल तर भाग बदलू नये, बदललाच तर एक धड नवा घालावा आणि वाजवायला बसावं. हा सल्ला तंत्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण तो सगळ्यांनी पाळला असता, तर आज बदलायला व्हॉल्वच मिळाला नसता.

हा व्हॉल्व म्हणजे १२एएक्स७ नावाची व्हॅक्यूम ट्यूब. अमेरिकेत आरसीएने तो १९४७च्या सुमारास बाजारात आणला; युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. बोटभर काचेत दोन ट्रायोड, खाली नऊ पिना, आणि अॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १००. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओवाले, टीव्हीवाले, टेलिफोनवाले असे सगळे हिशेबी लोक एकेक करून व्हॉल्व सोडून गेले. त्यांचा हिशेब बरोबरच होता. लँकशरमधल्या ब्लॅकबर्नचा मुलार्डचा कारखाना असो की जर्मनीतलं टेलिफंकन, त्यांनी हे व्हॉल्व करणं थांबवलं. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, कितीतरी घरांतल्या रेडिओंना व्हॉल्व पुरवले, तेही थांबलं.

गिटारवाले मात्र गेले नाहीत. त्यांना तो आवाज हवा होता आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार होते, गरजेपेक्षा जास्त व्हॉल्वचे मोजायला तयार होते. या मागणीवर भरवसा ठेवून इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या माइक मॅथ्यूज यांनी रशियातून व्हॉल्व आणले आणि पुढे सारातोव्ह शहरातला रिफ्लेक्टर हा कारखानाच ताब्यात घेतला. स्लोव्हाकियातल्या चाद्त्सा गावी जेजे इलेक्ट्रॉनिक उभी राहिली. चीनमध्येही उत्पादन चालू राहिलं. मार्च २०२२मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा जगभरातल्या गिटारवाल्यांनी घाईघाईने व्हॉल्व साठवले आणि किमती चढल्या. या साठेबाजीची पुष्कळ टर उडवली गेली. मला ती साठेबाजी समजते. ज्या वस्तूचे कारखाने एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, तिच्याबद्दल धास्ती वाटणं हा प्रेमाचाच भाग आहे.

हाय-गेन, म्हणजे सिग्नल फार वाढवून मुद्दाम विकृत करणाऱ्या ॲम्पमध्ये या धास्तीला आणखी कारण आहे. १९८७मध्ये माइक सोल्डॅनो यांनी एसएलओ-१०० हा ॲम्प आणला, १९९२मध्ये एडी व्हॅन हेलन यांच्यासाठी पीव्हीचा ५१५० निघाला. दोन्हींत १२एएक्स७ पाचच. पण एका ट्रायोडने वाढवलेला सिग्नल दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, असा तो वाढत आणि चिरडत जातो. म्हणून पहिल्या जागेवरच्या, म्हणजे व्ही१मधल्या व्हॉल्वची बारीकशी खरखर पुढे धबधब्यासारखी होते. आतली पत्र्याची प्लेट किंवा ग्रिड जरा सैल असली की व्हॉल्व मायक्रोफोनिक होतो: स्पीकरच्या कंपनाने तो स्वतःच गुणगुणू लागतो आणि गेन वाढवल्यावर शिट्टी घालतो. पेन्सिलीच्या लाकडी टोकाने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमधून टणत्कार येतो. लांब प्लेटचे व्हॉल्व या दुखण्याला जास्त बळी पडतात, म्हणून हाय-गेनच्या व्ही१साठी आखूड प्लेटचा, शांत व्हॉल्व निवडावा. हे ज्ञान पुस्तकात एका ओळीचं आहे. पण एकाच जातीचे चार व्हॉल्व ओळीने लावून, त्यातला कोणता शांत बसतो हे कानाने ठरवणारा माणूस ते ज्ञान अंगी बाणवतो. त्यासाठी चार व्हॉल्व घ्यावेच लागतात.

मग तो मधल्या जागांकडे वळतो, आणि इथे शहाणे हसतात. ट्रायोडच्या कॅथोडला एरवी दीड-दोन किलोओहमचा रेझिस्टर असतो. सोल्डॅनोच्या एका टप्प्यावर तो ३९ किलोओहमचा आहे. सर्किटनेच व्हॉल्वला जवळजवळ बंद स्थितीत टेकवलेलं, लाटेची एक बाजू कापलेली; तिथे एका ब्रँडऐवजी दुसरा घालून काय ऐकू येणार? फारच थोडं, हे मलाही मान्य आहे. पण 'काहीच नाही' असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालेन. व्हॉल्वच्या ग्रिड आणि प्लेटमध्ये दीड-पावणेदोन पिकोफॅरडचं कपॅसिटन्स असतं. आजूबाजूच्या एखाद्या टप्प्याचं गेन साठ असेल तर ते साठपट होऊन शंभर पिकोफॅरडच्या घरात जातं, आणि समोर काहीशे किलोओहमचा रेझिस्टर असला की काही किलोहर्ट्झच्या वरची धार बोथट होते. तिथे अॅम्प्लिफिकेशन फॅक्टर ७० असलेला ५७५१ घातला तर गेनबरोबर हा बोथटपणाही कमी होतो. 'डिस्टॉर्शन फारसं उतरलं नाही, पण तारेचा स्पर्श मोकळा झाला' असं म्हणणाऱ्या पोराला मित्र भ्रमिष्ट ठरवतात. या फुगलेल्या कपॅसिटन्सचं, मिलर कपॅसिटन्सचं, नाव त्याने ऐकलेलं नसतं. त्याचा परिणाम मात्र त्याने ऐकलेला असू शकतो.

तो फसतही असेल. ॲम्प बंद करायचा, व्हॉल्व निवू द्यायचा, बदलायचा, पुन्हा तापू द्यायचा. एवढ्या वेळात कानाची आठवण फिकी होते, आणि जरा मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. तरी या खटाटोपात तो स्वतःच्याच वाजवण्याकडे ज्या एकाग्रतेने कान देतो, तसा एरवी देत नाही. एकच रिफ, तीच ताकद, तोच कोन, पुन्हा पुन्हा. रियाज याहून वेगळा असतो का?

लेबलांबद्दलही असंच. टंग-सोल, मुलार्ड, सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही नावं आज सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. नव्या मुलार्डचा ब्लॅकबर्नशी नावापलीकडे संबंध नाही. काही विक्रेते तर दुसऱ्याने बनवलेल्या व्हॉल्ववर आपलं नाव छापतात. पण एका कारखान्यातले सगळे व्हॉल्व आतून सारखे नसतात, आणि काचेतून प्लेटची लांबी, गेटरची चंदेरी चकाकी निरखून कोण कोणाचं भावंड आहे हे ओळखायला शिकले ते हे खुळेच. जुन्या टेलिफंकनच्या बुडाला काचेत उमटवलेला पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार अंगठ्याने चाचपणारे हे लोक नसते, तर किती जुना माल भंगारात गेला असता. बीईएलच्या जुन्या ईसीसी८३लाही त्यांनीच गिऱ्हाईक मिळवून दिलं.

एका जागी मात्र हौसेला लगाम हवा. एसएलओमध्ये टोन कंट्रोलच्या आधी कॅथोड फॉलोअर, म्हणजे सिग्नल कॅथोडवरून काढून घेणारा टप्पा, आहे. तिथे कॅथोड दीडशे-दोनशे व्होल्टवर तरंगतो आणि शेजारचा हीटर जवळपास शून्यावर असतो. काही नव्या व्हॉल्वना हा ताण सोसत नाही. तिथे कानापेक्षा डेटाशीट ऐकावी. सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणाऱ्या शेवटच्या फेज इन्व्हर्टरसाठी, दोन्ही ट्रायोड जुळते आहेत का हे मोजून देणाऱ्याकडून व्हॉल्व घ्यावा. छोट्या व्हॉल्वसाठी बायस जुळवावा लागत नाही आणि चासी उघडावी लागत नाही, हे या छंदाचं भाग्य. आत चारशे-पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी साउंडचेकला एखाद्या बँडचा व्ही१ किंचाळू लागतो. शहाण्यांकडे सुटा व्हॉल्व नसतो, कारण गरजेपेक्षा जास्त घेणं त्यांना पटलेलं नसतं. तेव्हा फोन जातो तो या माणसाला. त्याच्या खोक्यात प्रत्येक व्हॉल्वला चिठ्ठी लावलेली असते: कोणता शांत, कोणता कर्कश, कोणता कॅथोड फॉलोअरला चालतो. तो आखूड प्लेटचा एक काढतो, बसवून देतो आणि टिचकी मारून पाहतो. पैसे घेत नाही. व्हॉल्व परत करताना कसा वाजला ते सांगा, एवढंच म्हणतो.