सोयाबीन कायम निरोगी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि एम. टेक.च्या प्रबंधांचं कपाट उघडायला सांगा. किल्ली सापडायला वेळ लागेल, पण सापडते. आत काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आणि त्यात पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणारा एक तरी प्रबंध निघेलच. अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के किंवा नव्व्याण्णव. शंभर कुणी लिहीत नाही. संशय येतो म्हणे.

इतकी अचूक यंत्रणा कपाटात असताना आपला शेतकरी मात्र अजून पान खिशात घालून कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार देईल ते औषध घेऊन येतो. एवढं ज्ञान आणि एवढा शेतकरी यांची गाठ का पडत नाही, हा प्रश्न व्हायव्हाला कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, 'याचं ॲप्लिकेशन काय?' मुलगा म्हणतो, 'शेतकऱ्यांना उपयोग होईल, सर.' सर मान डोलावतात. समोसे येतात.

या नव्व्याण्णव टक्क्यांचं मूळ बघू. बहुतेक प्रबंधांत फोटो येतात ते 'प्लांटव्हिलेज' नावाच्या फुकट मिळणाऱ्या संग्रहातून. त्यात चौपन्न हजारांहून जास्त फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. फोटो काढलेत अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रयोगशेतांवर. पान तोडायचं, साध्या कागदावर ठेवायचं, फोटो काढायचा. २०१६ साली या फोटोंवर यंत्र शिकवून मोहंती, ह्यूज आणि सालाथे या तिघांनी ९९.३५ टक्के अचूकता मिळवली आणि तो शोधनिबंध जगभर गाजला. आपल्याकडच्या प्रबंधांत तो हटकून असतो.

फक्त तो शेवटपर्यंत वाचलेला नसतो. त्याच लेखकांनी तिथेच लिहून ठेवलंय, की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले तेव्हा हेच यंत्र ३१ टक्क्यांच्या जरा वर घसरलं. लपवून नाही, उघड लिहिलंय. आपल्या मुलांनी ९९ उचलले आणि ३१ तिथेच ठेवले.

पुढची गंमत २०२२ची. नोयान नावाच्या संशोधकाने पानाकडे बघितलंच नाही. प्रत्येक फोटोतल्या मागच्या कागदाचे फक्त आठ पिक्सेल घेतले आणि त्यावर यंत्र शिकवलं. ३८ वर्गांत डोळे मिटून अंदाज मारला, तर बरोबर यायची शक्यता २.६ टक्के. याच्या यंत्राने ४९ टक्के बरोबर सांगितले. पान न बघता! म्हणजे यंत्र रोगाबरोबर कागदाचा रंग आणि त्या दिवशीचा उजेडही शिकत असावं. निफाडच्या द्राक्षबागेत करडा कागद अंथरलेला नसतो, एवढं तर कॉलेजलाही ठाऊक असावं.

आता ती १४ पिकं. त्यात ब्लूबेरी आहे, रास्पबेरी आहे, पीच आहे. कापूस नाही, ऊस नाही, तूर नाही, ज्वारी नाही. द्राक्ष आहे, पण त्याचे जे रोग दिलेत त्यांत डाऊनी नाही आणि भुरीही नाही. ज्या दोन नावांनी नाशिक-सांगलीच्या बागायतदाराची झोप उडते, ती दोन्ही गैरहजर.

सोयाबीन मात्र आहे. चांगले पाच हजारांवर फोटो आहेत. सगळे निरोगी पानांचे. सोयाबीनचा दुसरा वर्गच नाही. २०२३च्या खरिपात विदर्भात पिवळ्या मोझॅकने शेतंच्या शेतं पिवळी केली. यातलं एखादं पान या यंत्रापुढे धरलं असतं, तर त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. सोयाबीन म्हणून ओळखलं, तर 'निरोगी' म्हणायचं. नाहीतर ते टोमॅटो किंवा असंच दुसरं काही आहे म्हणायचं. सरकारी पंचनाम्यालासुद्धा इतकं उत्तम यंत्र मिळायचं नाही.

यात मुलांना झोडपण्यात अर्थ नाही. त्यांना प्रबंध कसा करायचा हे शिकवतात, नाही असं नाही. काय शिकवतात ते बघा. डावीकडचा समास दीड इंच, कारण बाइंडिंगमध्ये जातो. टाइम्स न्यू रोमन, बारा. ओळींत दीडपट अंतर. आकृतीचं नाव खाली, तक्त्याचं वर. हे चुकलं तर प्रबंध परत येतो. प्रश्न चुकला म्हणून, किंवा मुळात नाहीच म्हणून, परत आलेला प्रबंध मी ऐकलेला नाही.

मग येतो वाङ्मयचौर्याचा तास. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. त्यावर चाळीसपर्यंत सापडलं तर सुधारून आणा, साठपर्यंत गेलं तर वर्षभर घरी बसा, त्याच्याही वर नोंदणीच रद्द. योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दही माफ आहेत, त्यामुळे पंधराव्या शब्दाला हात लावण्याची कला आपल्याकडे फार विकसित झाली. ऋणनिर्देश तर मोजणीतून वगळलेलाच आहे. म्हणून सगळ्या महाराष्ट्राची आईवडिलांविषयीची कृतज्ञता शब्दशः एकच.

साम्य उतरवायला मुलं वाक्यं फिरवून देणारी यंत्रं वापरतात. २०२१ मध्ये कबानाक, लाबे आणि मागाझिनोव या तिघांनी छापील शोधनिबंधांतून अशी फिरवलेली रत्नं वेचून दाखवली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफीट कॉन्शसनेस'. 'बिग डेटा'चं 'कलोसल इन्फर्मेशन'. संपादकांनी वाचलं, परीक्षकांनी वाचलं, कुणाला खटकलं नाही. आता तर फिरवायचीही गरज राहिली नाही, अख्खं प्रकरणच लिहून मिळतं, तेही बिनचूक इंग्रजीत. सरांनी ओळखावं ते एवढ्यावरूनच.

लिटरेचर सर्व्हे हा वेगळाच प्रकार. वीस पेपर हवेत, असं फर्मान निघतं. वीसच का? तक्ता दोन पानांत मावतो. लेखक, वर्ष, पद्धत, मर्यादा असे रकाने. मर्यादेच्या रकान्यात वीसही जणांनी अचूकता वाढवायला हवी होती. मग आपण ती वाढवतो, ९८.७ची ९९.१.

ही वाढते कशी, तेही सांगतो. हजार फोटो घ्यायचे. प्रत्येक थोडा फिरवून, उलटा करून, उजेड कमीजास्त करून त्याचे दहा करायचे. दहा हजार झाले. मग ते पिसून काही यंत्राला शिकवायला, काही परीक्षेला. म्हणजे शिकवलेलंच पान जरा तिरकं करून परीक्षेत येतं. फुटलेल्या पेपरवर पहिला नंबर काढावा, तसं हे यश. आधी वेगळे करा आणि मग फिरवा, एवढंच सांगायचं असतं. सांगायला पाच मिनिटं लागतात. पण ती पाच मिनिटं पहिल्या महिन्यात द्यावी लागतात. आपल्याकडे मार्गदर्शन सुरू होतं ते स्पायरल बाइंडिंगच्या आदल्या आठवड्यात.

खरी गोम वेळापत्रकात आहे. तिसरं सत्र उघडतं पावसाळ्यात. गाइड वाटपाची यादी लागते, बदलते, पुन्हा लागते. सिनॉप्सिस, मग पहिला रिव्ह्यू, मग 'टायटल बदला'. विषय पक्का होईस्तोवर दिवाळी येते. सोयाबीन काढून, मळून, विकूनही झालेलं असतं. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकून डाऊनीचे घातक दिवस सरत आलेले असतात. मुलगा फेब्रुवारीत खडबडून जागा होतो, त्या वेळी शेतात त्याला हवं ते पान नाही. राहिलं काय? इंटरनेट. मुलगा आळशी होता म्हणून फोटो अमेरिकेचे आले, असं नव्हे. विद्यापीठाचं सत्र आणि खरीप यांची भेटच होत नाही.

अंतराचं कारणही देता येत नाही. पुण्यात अभियांत्रिकी कॉलेजं किती, ते विचारू नका. त्याच पुण्यात, हडपसरच्या पुढे मांजरीला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या माणसांना डाऊनी पानाच्या वरून कशी दिसते, खालून कशी दिसते, दव पडल्यावर कशी दिसते, हे तोंडपाठ. सोयाबीनसाठी परभणी आहे, अकोला आहे. पण कॉलेजातून मांजरीला जायचं तर विभागप्रमुखांचं पत्र लागतं, प्राचार्यांची सही लागते, आवक-जावक क्रमांक लागतो. फोटोंचा संग्रह उतरवून घ्यायला फक्त वायफाय लागतं.

समजा, एखाद्या मुलीने ठरवलं, की मी नवं यंत्र करणारच नाही. आहे तेच यंत्र घेईन, मामाच्या बागेत छाटणीनंतर रोज सकाळी एकाच ओळीतल्या वेलींचे मोबाइलवर फोटो काढीन, मांजरीच्या तज्ज्ञाकडून प्रत्येकावर रोगाचं नाव लिहून घेईन, आणि हे नव्व्याण्णववालं यंत्र निफाडात किती टक्क्यांवर येतं आणि कशामुळे येतं, दवामुळे, सावलीमुळे की फवारणीच्या निळ्या डागांमुळे, ते मोजीन. याहून चांगलं डिझर्टेशन मला तरी सुचत नाही. प्रश्न एका वाक्यात मावतो. काम किती दिवसांचं, ते छाटणीच्या तारखेवरून ठरतं. उत्तर काहीही आलं तरी ते उत्तरच.

पहिल्या रिव्ह्यूला तिचं काय होईल, तेही सांगून टाकतो. 'यात नॉव्हेल्टी काय?' 'स्वतःचा अल्गोरिदम कुठाय?' आणि अचूकता चाळीस टक्के आली तर, 'एवढ्या कमी ॲक्युरसीवर पेपर कोण छापणार?' यावर मात्र सर चुकतात. पैसे भरले की चार दिवसांत छापणारे आहेत, ते कशावरही छापतात.

विषय जुलैत मंजूर करा, अशी सूचना मी एका विभागप्रमुखांपुढे करून पाहिली. ते म्हणाले, अशक्य, जुलैत आमच्या ॲडमिशन चालू असतात. ठीक आहे. काही शेतकरी बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेतात. एम. टेक.च्या चौथ्या सत्रासाठीही थोडं क्षेत्र राखून ठेवा, असं एक परिपत्रक विद्यापीठाने कृषी खात्याला पाठवून द्यावं. पिवळ्या मोझॅकलाही एक प्रत.