खुर्ची हजर, माणूस गैरहजर

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा सामना बघायला मैदानावर जावं लागत नाही. तिकीट काढलं की तुम्ही गेलात. मग त्या दुपारी घरी ताणून द्या, नाहीतर सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला जाऊन बासुंदी खा. दुसऱ्या दिवशी पेपरात सामन्याच्या निकालाखाली 'उपस्थिती' म्हणून जो आकडा छापून येतो, त्यात तुम्ही असताच. कारण उपस्थिती म्हणजे विकली गेलेली तिकिटं, हा तिथला रिवाज. सीझन तिकीटवाला तर ऑगस्टपासून मेपर्यंत एकोणीसच्या एकोणीस घरच्या सामन्यांना हजर, मधल्या काळात तो ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला तरी.

१ मार्च २०१८ ची रात्र घ्या. लंडनमध्ये बर्फ पडतंय, आर्सेनल आपल्या एमिरेट्स मैदानावर मँचेस्टर सिटीकडून ०-३ मार खातंय, आणि टीव्हीवर लाल खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा दिसतायत, अगदी कोऱ्या. जाहीर उपस्थिती अठ्ठावन्न हजारांच्या वर! इतकी माणसं नेमकी कुठे बसली होती ते कॅमेऱ्याला सापडलं नाही, हा अर्थातच कॅमेऱ्याचा दोष. आपल्याकडे शिवाजी पार्कच्या सभेला किती लोक होते यावर आयोजक, विरोधक आणि पोलीस असे तिघं निदान भांडतात तरी. तिथे आकडा एकच, तो क्लबाने सांगायचा आणि वार्ताहराने टिपून घ्यायचा.

त्याच वर्षी बीबीसीने मात्र आगाऊपणा केला. माहितीच्या अधिकारात पोलिसांकडे आणि पालिकांकडे विचारणा केली, की बाबांनो, फाटकातून खरोखर आत किती जण गेले? तेव्हा निघालं असं, की वेस्ट हॅम क्लब सरासरी पंचावन्न हजार सांगत होता आणि फाटकं बेचाळीस हजारांच्या आसपासच फिरली होती. म्हणजे बारा हजारांहून जास्त माणसं दर सामन्याला वाटेत कुठेतरी गळत होती. मँचेस्टर सिटीच्या मैदानाचं नाव एतिहाद, पण शेजारपाजारचे चाहते त्याला आधीपासूनच 'एम्प्टिहाद' म्हणत आले आहेत. तिथलीही तफावत हजारांतच होती.

तर क्लबाच्या दोन वह्या असतात. एक लोकांना दाखवायची आणि एक खरी. खऱ्या वहीची चेष्टा करायची नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एका गॅलरीत मावतील त्याहून कितीतरी जास्त माणसं कोंबली गेली आणि ९७ जणांचा जीव गेला. कुठल्या भागात या क्षणी किती माणसं आहेत हे तेव्हापासून तिथे काटेकोर मोजतात, पालिका त्यावर नजर ठेवते, आणि हे योग्यच आहे. मौज एवढीच की माणसं इतकी अचूक मोजून झाल्यावर तो आकडा कपाटात ठेवतात आणि भोंग्यावरून दुसराच सांगतात.

जुनी मंडळी याच्या बरोबर उलटं करत. १९८३ पर्यंत इंग्लिश लीगमध्ये गेटच्या उत्पन्नातला पाचवा हिस्सा पाहुण्या क्लबाला द्यावा लागे. आता घरात आलेल्या पैशातून पाहुण्याला वाटा द्यायचा म्हटल्यावर यजमानाचा हिशेब कसा होणार, हे ज्याने कधी एकत्र कुटुंबातली शेती पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. गर्दी गच्च, आणि आकडा मात्र बेताचा. त्यात बापाने पोराला उचलून फिरत्या फाटकावरून आत सोडायचं, फाटकवाल्याने दुसरीकडे बघायचं. त्या काळात स्टँडमध्ये बसलेली कितीतरी जिवंत, ओरडणारी, घामाघूम माणसं अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हती. १९८३ मध्ये वाटा देणं बंद झालं, आणि पुढे टीव्हीवाले आणि जाहिरातदार आले. ते विचारतात, गर्दी किती? मग क्लबांची दृष्टी एकदम सुधारली. समोर नसलेली माणसंही दिसायला लागली.

न मोजलेल्या माणसांचा विक्रम म्हणाल तर तो १९२३ चा. वेम्बलीचं नवंकोरं मैदान, एफए कपची पहिलीच तिथली फायनल, बोल्टन विरुद्ध तोच आपला वेस्ट हॅम. अधिकृत आकडा १,२६,०४७. प्रत्यक्षात भिंतीवरून, फाटकावरून, जिथून वाट मिळेल तिथून लोक घुसले, आणि एकूण किती होते याचे अंदाज दोन लाखांपासून तीन लाखांपर्यंत जातात. खुद्द मैदानाच्या हिरवळीवर माणसं उभी होती. घोडेस्वार पोलिसांनी ती हटवली तेव्हा कुठे पाऊण तास उशिराने खेळ सुरू झाला. त्यातला बिली नावाचा घोडा इतका गाजला की ती 'पांढऱ्या घोड्याची फायनल' झाली. घोडा खरं तर करडा होता, चित्रफितीत पांढरा दिसला. फुटबॉलमध्ये माणसांचीच नव्हे, जनावरांच्या रंगाचीही नोंद अशी होते. रिओच्या माराकानावर १९५० च्या विश्वचषकात ब्राझील उरुग्वेकडून हरलं तो सामना बघायला पैसे भरून १,७३,८५० जण आत गेले. बाकीचे धरून दोन लाख होते म्हणतात. ब्राझीलमध्ये मात्र त्या दिवशी आपण तिथे नव्हतो असं सांगणारेच जास्त निघाले असतील.

असो. मुद्दा हा की आजचा आदर्श प्रेक्षक न येणाराच. तो रांगेत धक्काबुक्की करत नाही, पंचाच्या मातोश्रींचा उल्लेख करत नाही, स्वच्छतागृह तुंबवत नाही, त्याच्यासाठी पोलीस लागत नाही. पैसे मात्र आगाऊ भरतो. मग त्याच्यावर हल्ली क्लब का रागावतात? सीझन तिकीट घेऊन येत नसाल तर तिकीट काढून घेऊ, अमुक इतके सामने आलंच पाहिजे, अशा तंब्या इंग्लंड-जर्मनीतले क्लब देऊ लागले आहेत. कारण सरळ आहे. न आलेला माणूस मध्यंतरात 'मीट-पाय' खात नाही, बियर पीत नाही आणि जाताना दुकानातून मफलर घेत नाही. खुर्ची हजेरी लावते पण खर्च करत नाही, हा शोध लागायला क्लबांच्या हिशेबनिसांना बराच वेळ लागला.

स्पेनमध्ये याहून थोर विचार झाला. तिथल्या ला लीगाने २०१६ च्या सुमारास नियम केला, की टीव्हीच्या मुख्य कॅमेऱ्यासमोरचा स्टँड निदान ७५ टक्के भरलेला दिसला पाहिजे, नाहीतर क्लबाला दंड. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागचा स्टँड ओस पडला तरी हरकत नाही, तो कुणाला दिसतोय? गर्दी वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच, आहेत ती माणसं उचलून पलीकडे बसवायची.

आणि माणसंच नसली तर? तर रंग आहेत. इटलीत उडिनेजे क्लबाच्या मैदानावर खुर्च्या नाना रंगांच्या, विस्कटून बसवलेल्या. लांबून बघावं तर वाटतं, वा, काय नटूनथटून लोक आलेत! पोर्तुगालमध्ये आवेइरूला २००४ च्या युरो स्पर्धेसाठी बांधलेलं मैदानही असंच रंगीबेरंगी. स्पर्धा संपली, गावाच्या क्लबाला एवढं मैदान भरणं कधी जमलं नाही, पण खुर्च्यांचा उत्साह आजवर टिकून आहे. टोकियोच्या नव्या राष्ट्रीय मैदानात केंगो कुमा या वास्तुकाराने पाच रंगांच्या खुर्च्या मिसळल्या. २०२१ चं ऑलिंपिक कोरोनामुळे प्रेक्षकांविना झालं आणि कुमांच्या खुर्च्यांनी एकहाती गर्दी सांभाळली.

कोरोनाच्या त्या काळाला तर क्लबांचा सुवर्णकाळच म्हटलं पाहिजे. जर्मनीत मॉन्शनग्लाडबाखने १९ युरो घेऊन चाहत्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवले. पुठ्ठा उशिरा येत नाही, लवकर उठत नाही. इंग्लंडमध्ये लीड्सनेही हाच धंदा केला, फोटो पाठवा आणि २५ पौंड भरा. कुणा इरसाल कार्ट्याने ओसामा बिन लादेनचा फोटो पाठवला, आणि तो इमानेइतबारे छापून स्टँडमध्ये बसवण्यात आला. लोकांनी ओळखल्यावर क्लबाने त्याला उठवलं. अमेरिकेला दहा वर्षं न सापडलेला माणूस लीड्सच्या प्रेक्षकांत मिळाला, यावरून कॅमेऱ्यासमोरच्या जागांचं महत्त्व कळावं.

हे सगळं परमुलखातलं म्हणून हसू नका. मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने २०१९ मध्ये आपल्या मुंबई सिटी क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. मुंबई सिटीचं अंधेरीचं मैदान एवढंसं, काही हजारांचं. तिथे खुर्च्या रंगवून फसवायलाही वाव नाही. उलट कोलकात्यात १९९७ च्या जुलैत फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ असं धुतलं, भाईचुंग भूतियाने तीन गोल केले, आणि सॉल्ट लेकवर १,३१,७८१ लोक होते असं नोंदलं गेलंय. तिथे गर्दी वाढवण्यासाठी कुणाही सल्लागाराची नेमणूक झाली नव्हती.

सल्लागारांना न सुचणारा एक उपाय असतो, स्वस्त तिकीट. लिव्हरपूलने मात्र २०१६ मध्ये नव्या स्टँडसाठी ७७ पौंडांचं तिकीट काढायचं ठरवलं. संडरलँडविरुद्ध सामन्यात लिव्हरपूल २-० ने पुढे असताना ७७ व्या मिनिटाला हजारो चाहते उठून चालते झाले. सामना २-२ सुटला. निघून गेलेले सगळे त्या दिवशीच्या उपस्थितीत मोजलेले होतेच, पण त्यांचं नसणं पहिल्यांदाच ऑफिसात ऐकू गेलं. आठवड्याच्या आत मालकांनी माफी मागून दर मागे घेतले.

आणि यॉर्कशरमधला ब्रॅडफर्ड सिटी. ट्रॉफ्यांचं कपाट बेताचं, संघ तेव्हा तिसऱ्या श्रेणीत. त्यांनी २०१५ मध्ये अख्ख्या हंगामाचं तिकीट १४९ पौंडांना लावलं, म्हणजे लिव्हरपूलच्या त्या दोन सामन्यांपेक्षाही कमी. लोक पोराबाळांसह हजारोंनी आले. २०१९ मध्ये संघ घसरून चौथ्या श्रेणीत गेला, तरी येतच राहिले. संघ हरतो, मैदानाला दिखाऊ रंग नाहीत, पुठ्ठ्याची सोय नाही, आणि तरी दर शनिवारी जातीने येऊन बसतात. आधुनिक फुटबॉलच्या हिशेबात असल्या माणसांना कुठल्या वहीत लिहावं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.